शोधकाची खरी लांबी

१७ फेब्रुवारी २०१८ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझा शोधक त्याच्यासाठी कोरलेल्या खाचेत बसला नाही.

गोरेगावातल्या एका कार्यशाळेच्या लांब टेबलावर पेटी उघडी ठेवली होती. आत करडा फोम, आणि फोममध्ये एका यंत्राच्या आकाराची पोकळी. पेटी परदेशातून आली होती. जुन्या विज्ञानपटांतल्या उपकरणांचे एक फिरते प्रदर्शन भरणार होते. मूळ वस्तू प्रवासाला पाठवण्याजोग्या राहिल्या नसल्याने त्यांच्या प्रतिकृती हव्या होत्या, आणि पेट्या मात्र मूळ वस्तूंच्या मापाने आधीच कोरून आल्या होत्या. कार्यशाळा चालवणाऱ्या बाईंनी मला मुलाखतीत एकही प्रश्न विचारला नाही. पेटीकडे बोट दाखवून त्या एवढेच म्हणाल्या, "ठेवा."

मी शोधकाचे मागचे टोक खाचेत टेकवले आणि पुढचे टोक खाली नेले. ते काठावर अडले. उलट बाजूने प्रयत्न केला, तरी अडले.

"दाबू नका, फोम फाटेल," बाई म्हणाल्या. "बघून केलंय की मोजून?"

"मोजून."

"मग मोजणारा चुकलाय."

त्यांची परवानगी घेऊन मी पर्समधली पट्टी काढली. खाच सहज उचलता यावी म्हणून ठेवलेल्या मोकळ्या जागेसह २२५ मिलिमीटर भरली. माझा शोधक २३१ होता. ती नोकरी माझ्यानंतर आलेल्या मुलाला मिळाली. मला निरोप देताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पेट्यांची दुसरी खेप आहे. तेव्हा बसला तर या." त्यात उपरोध नव्हता. असता तर सोपे गेले असते.

शोधक म्हणजे काय, हे सांगायला हवे. माझ्या जन्माआधीच्या, फारशा न चाललेल्या एका परदेशी चित्रपटात एक शास्त्रज्ञ स्त्री कोरड्या ग्रहावर एकटी राहते. तिच्या हातात वीतभर लांबीचे एक यंत्र असते. ते जमिनीला टेकवून, डोळे मिटून, ती खोलवरच्या पाण्याचा आवाज ऐकते. चित्रपट मी २०१४ मध्ये, भौतिकशास्त्राच्या एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, वसतिगृहात पाहिला. कथा आता नीट आठवत नाही. यंत्र मात्र त्याच रात्री कागदावर उतरवले होते. ते कुणीतरी विचारपूर्वक बनवलेले होते: पकड अंगठ्याच्या जागी किंचित खोल, बाजूला पितळी पट्टीवर बारीक रेघांची नक्षी, आणि मागच्या टोकाला एक बेअरिंग, ज्यातल्या गोळ्या उजेडात चमकत. मला ते हवे होते, आणि जसेच्या तसे हवे होते. प्रतिकृती आणि खेळणे यांत मला एकच फरक दिसतो. प्रतिकृती चूक ठरू शकते.

पुढच्या वर्षी मी तलासरीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. डहाणूच्या घरून रोज एसटीने जाणे-येणे होते. ही माझी अखेरची नोकरी नव्हे, हे मी पहिल्याच दिवशी ठरवले होते. मला चित्रपटांसाठी उपकरणे घडवायची होती, आणि त्या दारातून आत जायला माझ्याकडे दाखवण्याजोगी एक निर्दोष वस्तू हवी होती. आईला हे समजावणे कठीण होते.

"म्हणजे बायोडेटात मी काय लिहू?" ती म्हणाली. "छंद, खोटी यंत्रं बनवणे?"

"अचूक खोटी यंत्रं," मी म्हटले.

"हां, मग तर रांगच लागेल स्थळांची."

प्रतिकृती करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट होता. शोधकाविषयी तिथे कुणीही काही विचारले की सगळे एकाच सदस्याकडे बोट दाखवत. त्यांनी मूळ वस्तू हातात घेऊन मोजली होती. मी त्यांना लांबलचक इंग्रजी पत्र पाठवले. उत्तर मराठीत आले: "डहाणूची आहेस? मी तलासरीला राहतो. पत्रं कसली लिहितेस, शनिवारी ये."

उपकरण-अभियंता म्हणून आयुष्य परदेशात काढून ते परतले होते. महामार्गापासून जरा आत, चिकूच्या झाडांमध्ये त्यांचा बंगला होता. घरी गुजराती, बाहेर मराठी. मी त्यांना सर म्हणे, ते मला बेटा म्हणत. त्यांच्या काचेच्या कपाटात त्यांनी स्वतः केलेला शोधक होता. कपाट कुणासाठीच उघडत नसे. पण पहिल्याच भेटीत त्यांनी एका कागदावर मापे उतरवून माझ्यासमोर ठेवली.

"हे मी कोणाला देत नाही, बेटा. तू शिकलेली आहेस, आणि आपल्या गावची आहेस, म्हणून."

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. चित्रपटाच्या एका चौकटीतून वस्तूचा आकार काढता येतो, मोठेपणा काढता येत नाही. लांबी जाडीच्या किती पट आहे, हे चित्र सांगते. लांबी किती आहे, हे सांगत नाही. त्यासाठी चौकटीत ज्ञात मापाची एखादी वस्तू लागते. मी त्या अभिनेत्रीच्या हातावरून अंदाज बांधून पाहिला होता, पण माणसाच्या हाताच्या मापातली अनिश्चितता मला हव्या असलेल्या अचूकतेपेक्षा पुष्कळ मोठी होती. म्हणून गुणोत्तरे माझी होती आणि प्रमाण सरांचे. मी त्यांचा प्रत्येक आकडा चौकटींशी ताडून पाहिला. प्रत्येक गुणोत्तर जुळले. जुळण्यामुळे माझा विश्वास वाढत गेला, आणि विश्वास ज्या गोष्टीवर वाढत होता ती मी तपासलेलीच नव्हती.

मागच्या बेअरिंगविषयी मी विचारले होते. बेअरिंगांची मापे जगभर ठरलेली असतात. तेवढे एक सापडले तर प्रमाण स्वतंत्रपणे मिळाले असते. सरांच्या कागदावर त्याचा बाहेरचा व्यास ४१.२५ मिलिमीटर होता. कुठल्याच तक्त्यात मला तो आकडा मिळेना.

"मिळणार नाही," सर म्हणाले. "सिनेमावाल्यांनी खास बनवून घेतलेलं. तू पितळेचं डमी लेथवर टर्न कर."

तक्त्यात नाही म्हणजे खास बनवलेले, आणि खास बनवलेले म्हणून तक्त्यात नाही. विद्यार्थ्याने असा युक्तिवाद केला असता तर मी गुण कापले असते.

शोधक घडायला पावणेतीन वर्षे लागली. ॲल्युमिनियमचा दांडा तलासरीतल्या एका लेथवर कातून घेतला. तीन वेळा फेकला, चौथा ठेवला. पकडीवरचे काळे रबरी आवरण डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात झाले. तिथे साचे रबराच्या चिकात बुडवून फुगे काढतात. ओळखीने माझा लाकडी साचा त्यांच्या फुग्यांच्या रांगेत टांगला गेला, आणि लाल-पिवळ्या फुग्यांच्या ओळीत ते एक काळे आवरण वाळताना पाहून कारखान्यातल्या बायका दिवसभर हसल्या.

पितळी पट्टी धाकट्या डहाणूला झाली, काकांकडे. आमच्या किनाऱ्यावर मासेमारीइतकाच डायचा धंदा जुना आहे. पोलादी ठोकळ्यात दागिन्याची नक्षी उलटी कोरतात, मग तिच्यावर सोन्याचा पत्रा ठोकला की सुलटी उमटते. काकांनी जन्मभर डुलांच्या, वाट्यांच्या, पदकांच्या डाय कोरल्या. माझे रेखाचित्र त्यांनी डोळ्याला भिंग लावून, आडवे-उभे करून पाहिले.

"हे कानात घालायचं की गळ्यात?"

"हातात धरायचं. दुसऱ्या ग्रहावर जमिनीतलं पाणी शोधायचं यंत्र आहे, काका."

"मग पहिलं वाढवणला ने. माझ्या साडूने तीन बोअर मारल्या, तिन्ही खाऱ्या लागल्या."

पण कोरायला बसल्यावर ते थट्टा करत नसत. त्या पावसाळ्यात बोटी नांगरलेल्या असताना त्यांनी डाय पुरी केली. पोलादातून काढलेला कण परत लावता येत नाही, म्हणून प्रत्येक रेघ कोरण्याआधी ते माझ्याकडे पाहून विचारत, "माप पक्कं ना?" मी प्रत्येक वेळी हो म्हटले.

दर शनिवारी झालेला भाग मी सरांकडे नेई. त्यांनी मला स्वतःचा मोठा, तीनशे मिलिमीटरचा व्हर्नियर वापरायला दिला होता. माझे मोजून झाले की ते तो माझ्या हातून घेत, चष्मा कपाळावर सरकवत, जबडे भागाला हळूच लावत आणि आकडा मोठ्याने वाचत. मग म्हणत, "एकदम बराबर." या दोन शब्दांसाठी मी एसटीच्या खडखडाटात भाग मांडीवर टॉवेलात गुंडाळून नेत असे. प्रयोगशाळेत मला कुणी असे कधी म्हटले नव्हते.

गोरेगावच्या जागेविषयी मी त्यांना जायच्या आधीच्या शनिवारी सांगितले. पेटीचे, खाचेचेही सांगितले. त्यांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "मोठी माणसं आहेत ती. जा, घेऊन जा."

"बसेल ना, सर?"

"एकदम बराबर आहे, बेटा."

गोरेगावहून परतीच्या प्रवासात मी खिडकीशी बसून हिशेब केला. एखादा भाग चुकला असता तर गुणोत्तरे मोडली असती. ती मोडली नव्हती. म्हणजे सर्व मापे एकाच पटीने वाढलेली होती. मग एक तर खाच चुकीची, नाहीतर प्रमाण. निवाडा करू शकेल अशी एकच वस्तू होती, बेअरिंग. शोधकाची लांबी त्या बेअरिंगच्या व्यासाच्या ५.६ पट आहे, हे चौकटींवरून मी स्वतः काढले होते. एक मोकळा मिलिमीटर सोडला तर खाचेची लांबी २२४. भागिले ५.६. उत्तर चाळीस आले.

चाळीस हा तक्त्यातला आकडा आहे. तक्त्यातल्या अगदी सामान्य बेअरिंगचा.

घरी पोचल्यावर मी मागच्या अंगणातली बिघडलेली पाण्याची मोटर खोलली. आई दारात येऊन उभी राहिली.

"नोकरीचं काय झालं?"

"नाही झाली."

"म्हणून मोटर फोडतेस होय?"

बेअरिंग ओढून काढले, रॉकेलमध्ये धुतले, मोजले. चाळीस. ते संगणकाच्या पडद्यावर त्या चौकटीशेजारी धरले. गोळ्यांची संख्या तीच. कडेचा उतार तोच. खास बनवून घेतलेले बेअरिंग गेली कित्येक वर्षे आमच्या अंगणात पाणी ओढत होते.

तरीही मी सरांना वाचवण्यासाठी आणखी एक गृहीतक उभे केले. ओतकाम थंड होताना आकसते, म्हणून साचा मुद्दाम किंचित मोठा करतात. सरांनी कदाचित वस्तूऐवजी तिचा साचा मोजला असेल. चूक असेल, प्रामाणिक असेल. त्या आठवड्यात मी हे गृहीतक इतके घासूनपुसून तयार केले की शनिवारी त्यांच्यासमोर बसताना माझा त्यावर जवळजवळ विश्वास बसला होता.

मी बेअरिंग त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते उचलले नाही.

"बसलं नाही का?" त्यांनी विचारले.

"नाही. सर, तुम्ही साचा मोजला होता का?"

मी दार उघडून धरले होते. त्यांना फक्त हो म्हणून आत यायचे होते.

"नाही, बेटा," ते म्हणाले. "वस्तूच मोजली. दोनशे चोवीस."

मग त्यांनी सांगितले, शांतपणे, एखादी रीत समजावावी तसे. पूर्वी त्यांनी एका मित्राला खरी मापे दिली. मित्राने ती आपल्या नावाने विकली. तेव्हापासून ते ज्याला मापे देत त्याला वेगळ्या पटीने वाढवून देत. बाजारात एखादी प्रतिकृती आली की लांबीवरून कळे, कोणाकडून फुटले.

"तुझी पट एक पूर्णांक शून्य तीन एक दोन पाच."

ती त्यांना तोंडपाठ होती. मला माझे स्वतःचे नाव चुकीचे ऐकू आल्यासारखे झाले.

"मी जाणार आहे हे तुम्हाला माहीत होतं. खाच कोरलेली आहे हेही."

"तुला सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की सगळ्यांची खोटी आहेत."

"मग निदान जाऊ नकोस म्हणायचं."

"तू ऐकलं असतंस?" त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "चाय थंड होते. बेटा, तुझ्यावर भरोसा नव्हता असं नाही. भरोसा ठेवायचा नसतो, एवढंच."

चुकीच्या लांबीचे दुःख मोजता येते. सहा मिलिमीटर काढून टाकले की संपते. जे मला मोजता येईना ते शनिवार होते. तीन वर्षे एक माणूस माझ्या हातातला भाग घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, खोटा आकडा मोठ्याने वाचत होता आणि त्यावर आनंद दाखवत होता. तो आनंद कोणत्या पटीने वाढवलेला होता?

मी काकांकडे गेले. माझ्या वतीने चिडणारे कुणीतरी मला हवे होते. काका भिंग खाली ठेवून सगळे ऐकत राहिले आणि शेवटी मान डोलावली, पण माझ्या बाजूने नाही.

"हुशार माणूस. तेवढं आम्हीपण करतो."

"काय करता?"

"डायमध्ये खूण सोडतो. नक्षीत एक बारका ठिपका जास्तीचा. दुसऱ्याने छापावरून नक्कल केली तर ठिपका पण जातो त्याच्यात. मग धरता येतो."

मी शोधक त्यांच्यासमोर ठेवला. त्यांना प्रश्न कळला. चेहरा कसनुसा झाला.

"सवयीने गं," ते म्हणाले. "हात आपोआप जातो."

पट्टी शोधकावरच होती. त्यांनी मला भिंग दिले आणि करंगळीच्या नखाने जागा दाखवली. खालून दुसऱ्या रेघेच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढा एक उंचवटा. चित्रपटाच्या एकाही चौकटीत तो नव्हता. मी ती पट्टी शेकडो वेळा तपासली होती, पण रेघा तपासल्या होत्या. घरच्या माणसाने कोरलेली वस्तू परक्याच्या वस्तूसारखी तपासायची असते, हे मला सुचलेच नव्हते.

"माझ्यापासून कशाला, काका?"

"तुझ्यापासून कुठे? तुझ्याकडून कोणी नेली तर."

सरांचे उत्तर याहून फार वेगळे नव्हते. काकांच्या उत्तरात माया होती, एवढाच फरक. आणि त्या दिवशी मला तो फरक पुरला नाही. मी पट्टी उचकटून त्यांच्या ठोकळ्यावर ठेवली आणि निघून आले.

दुसरा शोधक मी एकटीने केला. लेथवाल्याला रेखाचित्र दिले ते माझ्या चौकटींवरून काढलेले, प्रमाण मोटरीच्या बेअरिंगवरून घेतलेले. दांडा कातला जात असताना शेजारी उभी राहून प्रत्येक टप्पा मोजला, स्वतः विकत घेतलेल्या व्हर्नियरने. पट्टीसाठी पितळी पत्र्यावर नक्षीपुरता लेप दिला आणि उरलेले पितळ फेरिक क्लोराइडच्या द्रावणाला खाऊ दिले. रेघा काकांच्या रेघांइतक्या जिवंत आल्या नाहीत. पण जे होते ते सगळे चित्रपटातले होते. जुन्यातले फक्त रबरी आवरण पुन्हा वापरता आले. ते दोन्ही मापांवर सारखेच चपखल बसले.

"काका विचारत होते," आई एकदा भाकरी थापताना म्हणाली, "नवीन छाप कोणाकडून आणलीस."

"कोणाकडूनच नाही."

"तेच सांगितलं मी. भिंग लावून कामाला बसले." तिने भाकरी उलटली. "एवढुसा ठिपका, तो पण त्याच्या हाताचा. किती ताणायचं, गं?"

मी नवी पट्टी कपड्याने पुसत राहिले.

मार्च २०१९ मध्ये, पेट्यांची दुसरी खेप आल्यावर, मी पुन्हा गोरेगावला गेले. त्याच टेबलावर, त्याच आकाराच्या खाचेत शोधक ठेवला. तो आपल्या वजनाने आत गेला आणि थांबला. बाईंनी कडेच्या फटीवरून नख फिरवले.

"मापं कोणाची?"

"माझी."

"पहिल्या वेळी?"

"दुसऱ्याची होती."

त्यांनी पुढे विचारले नाही. मला एक तारखेपासून यायला सांगितले.

डहाणू सोडण्याआधी एक काम उरले होते. सरांचा व्हर्नियर माझ्याकडेच होता. शनिवारी तो परत करायला गेले तेव्हा चिकूच्या झाडांखाली पाला तसाच पडलेला होता, आणि कपाटही तसेच बंद होते. त्यांनी बसायला सांगितले. मी बसले नाही. मी नोकरीविषयी सांगितले तेव्हा त्यांना खरोखर आनंद झाल्यासारखे दिसले. दिसले, एवढेच मी म्हणू शकते.

"आणला आहेस?"

मी शोधक टॉवेलातून काढून दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, व्हर्नियरचे जबडे दोन्ही टोकांना हळूच लावले आणि आकडा मोठ्याने वाचला.

"दोनशे चोवीस." मग माझ्याकडे पाहून हसले. "एकदम बराबर, बेटा."

तोच आवाज. तीच ढब, आणि 'बराबर'वर तोच हलका जोर. २३१ साठी होता तो आणि २२४ साठी होता तो, दोन्ही शब्दांत मला कणाचाही फरक सापडेना. आणि मी तो शोधत होते, जीव एकवटून शोधत होते. मी आभार मानले, व्हर्नियर त्यांच्या टेबलावर ठेवला, शोधक टॉवेलात गुंडाळला आणि एसटी धरली.

घरी येऊन तो टेबलावर ठेवला, माझ्या व्हर्नियरने तीनदा मोजला आणि सरासरी नोंदवली: २२३.८६ मि.मी.